कुरणाचं भाडं

दूध संस्थेच्या शेडात त्या दिवशी जेवढी माणसं गोळा झाली, तेवढं दूध साऱ्या पावसाळ्यात गोळा झालं नव्हतं. रिकामे कॅन उपडे घालून माणसं त्यावर बसली होती. ज्या टेबलावर दूध मोजायचं, त्या टेबलाच्या आतल्या अंगाला चेअरमन सत्यभामाबाई बसल्या होत्या, पदर कानामागं घट्ट खोचून. शेजारी त्यांची सून शिवकन्या, संस्थेची सेक्रेटरी. सुनेला सेक्रेटरी केलं तेव्हा गाव म्हणालं, बाईनं घरातल्या घरात कारभार वाटला. बाई म्हणाल्या, "गावात दुसरं कोन बारावी शिकलंय ते आना, तिला करते." कुणी आणलं नाही.

बोरटेक दिंद्रुडपासून लांब नाही, पण माजलगावच्या धरणाचा कालवा गावाला पाठ दाखवून वळतो. हिरवा ऊस दिसतो तो दुसऱ्याच्या शिवारात. बोरटेकच्या वाट्याला आलं ते टेकडीवरचं कुरण. सत्यभामाबाईंचे सासरे सुंदरराव यांनी संस्था काढली तेव्हा ते कुरण संस्थेच्या नावे करून दिलं. पाऊस पडला तर गवत, नाही पडला तर दगड. गेल्या साली सोलारवाली कंपनी आली, टेकडीवर काळ्या प्लेटा मांडल्या, भोवती जाळी ठोकली आणि संस्थेला महिन्याचं भाडं सुरू केलं. गावातल्या म्हशी आटल्या आणि टेकडी दुभती झाली.

आता भांडण होतं ते या दुभत्याचं. भाडं साठत चाललं होतं आणि ते वाटायचं कसं, यावर गावात चुलीगणिक मत होतं. वकिलानं सांगितलं होतं, सभेनं ठरवलं तर गावाच्या भल्याला वाटता येतं. गावाचं भलं म्हणजे कुणाचं, हे काही वकिलानं सांगितलं नव्हतं.

"इचारायचं काय त्यात," बाईंचे दीर अर्जुनराव म्हणाले. त्यांच्या गोठ्यात सगळ्यांत जास्त म्हशी. "संस्था दुधाची हाय. ज्यानं जितकं दूध घातलं तितका त्याचा वाटा."

"तात्या, भाडं दुधाचं न्हाई, उन्हाचं हाय," शिवकन्या म्हणाली. "ऊन कुणी घातलं संस्थेत?"

माणसं हसली. अर्जुनरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग सूर्यनारायणालाच सभासद करून घे, सूनबाई."

शिवकन्येनं आपलं म्हणणं पुन्हा मांडलं. गावातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला, बाई असो का गडी, सभासद असो नसो, दर महिन्याला सारखे पैसे. कशाला पाहिजेत ते विचारायचं नाही. म्हैस आहे का, शेत आहे का, काम करतो का, हेही नाही. दुष्काळ हटेपर्यंत तर नक्की, पुढचं पुढं.

"फुकटचं खाऊन मानूस आळशी होतंय," अर्जुनराव म्हणाले. "उद्या खुरपायला बाई मिळंल का मला?"

"आता तरी काय खुरपता, तात्या?" मागून कुणीतरी बोललं. "ढेकळं?"

पुन्हा हशा झाला. पण हा हशा लवकर विझला, कारण ढेकळं सगळ्यांचीच होती.

सत्यभामाबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांची रीतच ती. लोकांना बोलून दमू द्यायचं, मग शेवटचा घाव आपण घालायचा. त्यांनी टेबलावर बोटाचं पेर आपटलं.

"हे बगा. दुधावर वाटलं तर ज्याची म्हैस मेली तो उपाशी ऱ्हातो. ते बरं न्हाई. सारखं वाटलं तर ज्याचं पोट भरलंय त्याला वर ढेकर देतो आपन. तेबी बरं न्हाई. गरिबाला द्या. ज्याची चूल पेटत न्हाई त्याला द्या, लागंल तेवढं द्या. मी सोता घरोघर फिरून बगते. पर मला कावून? अर्जुनरावाला कावून? आमाला काय धाड भरलीय?"

माना हलल्या. अर्जुनरावांचीही हलली, कारण गरिबाला देऊन उरलेलं दुधावर वाटता येईल असा हिशेब त्यांनी तिथल्या तिथं केला असावा. बाईंना वाटलं, झालं, गाठ सुटली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "बाई, घरोघर फिरून तुमी काय बगनार?"

कडूबाई उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. ती मेंढपाळाची, सभासद नव्हती, म्हणून आत आली नव्हती. पण ज्या टेकडीवर आता प्लेटा होत्या तिथं तिच्या सासऱ्यापासून मेंढरं चरत आली होती. जाळी ठोकल्यापासून ती मेंढरं रस्त्याच्या कडेचं चिपाड चघळत फिरत होती.

"काय म्हंजे," सत्यभामाबाई म्हणाल्या, "कनगी बगीन. चूल बगीन."

"कारडावाला सायब बी आलता बगायला. वाड्यात कोंडल्याली मेंढरं दिसली, तर म्हनला ही बाई श्रीमंत हाय, हिला केशरी कारड द्या. त्याला मेंढरं दिसली, त्यांच्या बरगड्या न्हाई दिसल्या."

"तो परमुलखाचा. मी तुला वळखते, कडू. तुला पयलं देईन."

"तुमी देनार म्हून तर नको."

कॅनवर बसलेली माणसं वळून दाराकडं बघू लागली. 

"राग धरू नका, बाई," कडूबाई म्हणाली. आवाजात भीती नव्हती, मोठेपणाही नव्हता. "मारुतीच्या भंडाऱ्याला तुमी जेवता का न्हाई? घरी कमी हाय म्हून जेवता का? तुमच्या पत्रावळीवर पडतं तेच माज्या पत्रावळीवर पडतं, म्हून मी मान वर करून जेवते. तुमी समदे वाढायला उबं ऱ्हायले आन आमालाच तेवढं खाली बसवलं, तर तो भंडारा न्हाई. ते भिकाऱ्याला घालनं झालं. तुमी घेतलं तर मी घेईन."

सत्यभामाबाईंनी कानामागचा पदर पुन्हा खोचला. "म्हंजे तुज्या आन माज्या हातात सारखीच नोट यावी, येवढ्यासाठी हे भाषण?"

"हां," कडूबाई म्हणाली. "तेवढ्यासाठीच."

तिच्या मागं तिचा मुलगा सिदू उभा होता, बायकोचं गाठोडं बांधून झालेल्या माणसासारखा उतावळा. ऊसतोडीच्या गाड्या दसरा झाल्यावर निघतात. मुकादम त्याच्या मागं लागला होता. मेंढरं दिंद्रुडच्या व्यापाऱ्याला देऊन टाकायची, नवरा-बायकोनं कोयता घ्यायचा आणि आईनं फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, पोर सांभाळायचं, असं त्याचं ठरलेलं. कडूबाईनं त्याला सभेपर्यंत थोपवून धरलं होतं. महिन्याला काही हातात येणार असेल तर कडबा विकत घेऊन मेंढरं जगवता येतील. नसेल, तर सासऱ्यापासून चालत आलेला वाडा मोडायचा आणि परक्या फडावर जाऊन पडायचं. हे सगळ्या गावाला माहीत होतं. सत्यभामाबाईंनाही.

शिवकन्येच्या म्हणण्यावर हात वर करायला लावले. निम्मे तिच्या बाजूनं, निम्मे विरुद्ध. चेअरमनचं मत राहिलं.

"पुढच्या बाजाराच्या दिवशी सांगते," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि उठल्या. "असल्या गोष्टी उभ्या उभ्या होत न्हाईत."

घरी येऊन त्या चुलीपुढं बसल्या. शिवकन्या भाकरी थापत होती. तिच्या हाताचा थपथप आवाज आज जरा जास्तच मोठा येत होता.

"परातीवर राग काडू नको," बाई म्हणाल्या. "बोलायचं असंल तर बोल."

"मी काय बोलू, आत्याबाई. मत तुमचं ऱ्हायलंय."

"बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी व्हते. हितल्याच रस्त्यावर खडी फोडली. हाताला फोड आले. समदे सुकडीच्या रांगंत बसायचे, मी न्हाई बसले. तुज्या सासऱ्यानं सांगितलं, मामंजींनी सांगितलं. मी म्हनलं, खडी फोडली त्याचा पैसा द्या, तो माजा हाय. वाटीत वाढलेलं माजं न्हाई." त्यांनी एक काटकी मोडून चुलीत सारली. "आन आता म्हातारपनी मी हात पसरू?"

"कुनापुडं पसरनार? टेकडी तर तुमच्या मामंजींनीच दिलेली."

"दिली ना. दिलेलं परत घेत न्हाईत."

शिवकन्येनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "मलाबी पायजेत, आत्याबाई."

"तुला काय कमी हाय ह्या घरात?"

"काई कमी न्हाई. पर धर्मापुरीला आईकडं जायचं म्हनलं तर एष्टीचे पैसे तुमच्याकडं मागावे लागत्यात. तुमी कदी न्हाई म्हनला न्हाईत. पर दर बारीला इचारता, कावून चालली."

"इचारू बी नको का आता?"

"इचारा की. पर पैसे माजे असू द्या, आन मग इचारा."

भाकरी फुगली. नेहमी भाकरी फुगली की बाई सुनेचं कौतुक करीत, तेवढं एक त्यांना करायला आवडायचं. आज त्यांनी नुसती दुसरी काटकी मोडली. एका दिवसात दोन बायकांनी आपल्याला तेच सांगितलं, हे त्यांना कळत होतं. एक उंबऱ्याबाहेरची, एक चुलीपुढची. पण कळणं वेगळं आणि गिळणं वेगळं.

सकाळी उठल्या त्या एक बेत करूनच. गरिबाला मदत करायला एवढं सभा-ठराव कशाला लागतं, हे त्या करून दाखवणार होत्या. कणगीत गेल्या सालची ज्वारी शिल्लक होती. त्यांनी अर्धं पोतं भरायला लावलं आणि मुलाला, भारतला, हाक मारली.

दान म्हटलं तर कडू घेणार नाही, हे त्यांना माहीत होतं. पण कडूला कसं घ्यायला लावायचं, हेही त्यांना माहीत होतं. दर साली सुगी झाली की कडूबाईची मेंढरं बाईंच्या रानात बसायला येत. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्या-मुताचं खत पडतं, त्या खताबद्दल बाई ज्वारी देत. किती, ते कधी कुणी बोललं नव्हतं. कडूबाईनं मागितली नाही, बाईंनी मोजली नाही. दोन्ही घरांच्या सासवांपासून ते असंच चालत आलं होतं. या साली सुगीच झाली नाही, म्हणून मेंढरंही बसली नव्हती.

"म्हनावं, मेंढरं बसवायची ज्वारी हाय, दरसालची," बाई म्हणाल्या.

भारतनं पोतं मोटारसायकलवर आडवं टाकलं. "पर मेंढरं तर बसलीच न्हाईत, आई."

"तू वकील हायस का? सांगितलं तेवढं बोल आन ये."

तो अर्ध्या घटकेत परत आला. "घेतली."

"काई बोलली?"

"न्हाई. मूठभर हातात घेतली, कपाळाला लावली आन आत नेली."

सत्यभामाबाईंना बरं वाटलं. मनाशी म्हणाल्या, बघा म्हणावं आता, रांग लागली नाही, नाव पुकारलं नाही, कुणाची मान खाली गेली नाही. अर्ध्या पोत्यात काम झालं. त्या दिवशी त्यांनी सुनेशी दोनदा हसून बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सिदू अंगणात येऊन उभा राहिला. पायात वहाण नव्हती. चेहरा राखेसारखा.

"बाई, तुमच्या रानात चला."

"काय झालं?"

"चला तुमी."

तो पुढं, बाई मागं.  नदीकडच्या रानाच्या बांधावर पाय ठेवला आणि त्यांना सगळं एकदम दिसलं.

त्या रानातली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली होती. भारतनं ती कापून, वाळवून म्हशींना घातली होती. मग दसऱ्याच्या सुमारास एक वाट चुकलेली सर आली आणि त्या धसकटांना कोवळे कोंब फुटले, हिरवेगार, बोट-दोन बोट. असे कोंब म्हणजे विष. खाल्ले की जनावराला किराळ लागते, हे तिथल्या लेकरालाही माहीत असतं. बाईंनी स्वतःची एक म्हैस त्या बांधाला फिरकू दिली नव्हती.

कडूबाईलाही माहीत होतं. म्हणून तिनं वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, रानाच्या पार वरच्या नांगरटीत लावली होती, कोंबांपासून लांब. पण पोटात काही नसलेलं मेंढरू जाळीला जुमानत नाही. पहाटे हिरव्याचा वास आला असेल. जाळी एका अंगाला लोळवून ती खाली उतरली होती.

आता ती रानभर पडली होती. पोटं टम्म, तोंडाला फेस. काही पाय झाडत होती. काहींचं तेही थांबलं होतं. सिदूची बायको गुळाचं पाणी घेऊन एकीकडून दुसरीकडं पळत होती. कडूबाई एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिच्या जबड्यात बोट घालून पाणी ओतत होती. पाणी दुसऱ्या बाजूनं बाहेर येत होतं.

सत्यभामाबाई जवळ गेल्या.  जे तोंडाला आलं ते बोलल्या. "कडू, मेंढरं हितं कावून आनली गं?"

कडूबाईनं वर बघितलं. "ज्वारी धाडली ना तुमी. मेंढरं बसवायची."

"अगं, ते बोलायचं म्हून बोलले मी. तुला द्यायची व्हती, म्हून दिली."

"मंग तसं बोलायचं व्हतं."

"तसं बोलले असते तर तू घेतली असती का?"

"न्हाई. परत धाडली असती." मेंढीचं डोकं तिनं हलकेच जमिनीवर ठेवलं आणि ओले हात लुगड्याला पुसले. "आन मेंढरं वाड्यात ऱ्हायली असती."

"ह्या साली रानात काय पेरनार हाय मी? खत घेऊन काय करू? येवढं तरी तुज्या ध्यानात..."

"ते तुमचं तुमी बगा. ज्वारी आमी रातच्याला खाल्ली. खाल्ली म्हनल्यावर मेंढरं बसवावी लागतात. आता बसली." तिनं रानावरून नजर फिरवली. "माजं काई देनं ऱ्हायलं न्हाई."

सिदू बांधावर उकिडवा बसला होता. "आये, आता तरी ऐक. ऱ्हायल्यात ती ईक आन चल."

"मी भरून देते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "जितकी गेली तितकी घेऊन देते बाजारातनं. शब्द हाय माजा."

कडूबाई उठून उभी राहिली. ती बाईंपेक्षा वयानं लहान, पण त्या घडीला थोरली दिसत होती. "काय म्हून देनार, बाई? आता कशाचं नाव लावनार त्याला?"

सत्यभामाबाईंच्या तोंडाला नेहमी उत्तर तयार असायचं. सरपंचाला, तलाठ्याला, दिराला, देवालासुद्धा.  कडूला मात्र पाठ दाखवून त्या परत फिरल्या. चालताना त्यांना राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. ज्वारी आपली, रान आपलं, बोललेला शब्दही आपलाच. कडूची तेवढी मेंढरं.

बाजाराच्या दिवशी शेड पुन्हा भरलं. कडूबाई आली नव्हती. निम्मी मेंढरं गेली होती आणि सगळ्या गावानं ती खड्ड्यात लोटताना पाहिली होती. माणसं हळू आवाजात बोलत होती.

अर्जुनरावांनी घसा साफ केला. "वैनी म्हनत व्हत्या तेच खरं. गरजू बगून द्यावं. आता कडूबाईपरीस गरजू कोन हाय? तिला संस्थेतनं मदत मंजूर करू. नड हाय ती डोळ्याम्होरं हाय, कुनी न्हाई म्हननार न्हाई. बाकीचं दुधावर वाटू. वाद मिटला."

सगळ्यांना हायसं वाटलं. गेल्या वेळी ज्यांनी शिवकन्येच्या बाजूनं हात वर केले होते त्यांनाही. मेलेल्या मेंढरांनी गावाचा तंटा सोडवला, असंच सगळ्यांच्या तोंडावर होतं.

सत्यभामाबाई आपलंच बोलणं दिराच्या तोंडून ऐकत होत्या. आपण शिजवलेलं दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं ताटात वाढावं, तसा त्याला वास येत होता.

"कडूला इचारलं का, तिला मदत पायजे का म्हून?" त्या म्हणाल्या.

"इचारायचं काय त्यात? देनाऱ्याला कोन न्हाई म्हनतं?"

"ती म्हनती." बाईंनी पदर सारखा केला. "मी दिलं एकदा, बगून, पारखून, गरजूला. त्याचं काय झालं ते माज्या रानात पुरलंय. आता मला पारखायला सांगू नका. मला ती पारख न्हाई, आन तुमाला तर त्याहून न्हाई, अर्जुनराव."

"म्हंजे?"

"म्हंजे समद्यांना. सारखं. नवऱ्याला येगळं, बायकूला येगळं, म्हाताऱ्याकोताऱ्याला, तुमाला, मला. कुनी त्याची दारू पेईल. पेनार, मला दिसतंय कोन पेनार ते." मागच्या रांगेतल्या दोघांनी मान खाली घातली. "कुनी कामाला यायचं टाळंल. टाळू द्या. मला हे पटलंय म्हून मी मत देत न्हाई. दुसरं जे मला पटलं व्हतं ते करून बगितलं, म्हून देते. शिवकन्ये, पयलं नाव माजं लिव."

"मी न्हाई घेनार," अर्जुनराव म्हणाले. "मला गरज न्हाई."

"तुमाला गरज न्हाई हे समद्या गावाला म्हाईत हाय. म्हून तर तुमी घ्यायचं. तुमी उटून गेला तर पंगत मोडती."

शिवकन्या लिहीत होती. तिनं वर बघितलं नाही, पण पेन थोडा वेळ एकाच जागी थांबून राहिलं.

बाई तशाच उठून कडूबाईच्या वाड्यावर गेल्या. तिथं अंगण झाडून ठेवल्यासारखं रिकामं होतं. सिदू आणि त्याची बायको पोराला घेऊन सकाळच्याच गाडीनं गेले होते. कडूबाई उरलेल्या मेंढरांपुढं बाभळीचा पाला टाकत होती. या बसा म्हणाली नाही.

"ठराव झाला," बाई उभ्यानंच म्हणाल्या. "समद्यांना, सारखं."

"हूं."

"तू बी जानार का गाडीत?"

"दुसरी गाडी सोमवारी हाय. सिदू म्हनला, ही ईक आन ये. पोर रडंल तिकडं." तिनं एका कोकराचं तोंड पाल्याकडं वळवलं. "तुमी घेनार?"

"पयलं नाव माजं हाय."

"नाव लिवनं येगळं. हात लांब करनं येगळं." कडूबाई पुन्हा पाल्याकडं वळली. "बगते येऊन."

वाटपाचा दिवस रविवारी ठेवला होता. दुधाचा पगार वाटतात तसंच, त्याच टेबलावर, नाव पुकारून. इतकी वर्षं बाई त्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसत आल्या होत्या. पगार त्यांच्या हातानं जायचा. समोरच्याचा हात खाली, त्यांचा वर. आज आत शिवकन्या एकटी बसली होती.

"सत्यभामाबाई," तिनं नाव वाचलं. सासूचं नाव तिनं असं गावापुढं पहिल्यांदाच घेतलं होतं. 

बाई उठल्या. टेबलाला वळसा घालून समोरच्या बाजूला आल्या. दहा पावलांचाही तो वळसा नव्हता, पण साऱ्या शेडानं त्यांना तो घालताना बघितलं. काहीतरी खवचट बोलून वेळ मारून न्यावी असं त्यांना वाटत होतं. अर्जुनरावांकडं बघून एक टोमणा तर ओठांवर आलाही होता. पण दारात कडूबाई उभी होती आणि तिची नजर तोंडावर नव्हती, हातावर होती.

त्यांनी हात पुढं केला. तळवा वर. सुनेनं त्यावर नोटा ठेवल्या.

"सही करा, आत्याबाई."

त्यांनी सही केली. अक्षरं नेहमीच वाकडी यायची, आज जरा जास्त.  मग अर्जुनराव आले, कुणाकडं न बघता पैसे घेतले, टोपीत खोचले आणि टोपी डोक्यावर दाबली. मागून भारत आला. मग रांग चालू लागली.

कडूबाईचं नाव आलं तेव्हा ती उंबरा ओलांडून आत आली. अंगठा दिला. नोटा कमरेला खोचल्या. परत जाताना ती बाईंच्या अगदी जवळून निघाली.

"कडू," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "उद्या जानार का ऱ्हानार?"

कडूबाई थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागापेक्षा जे जड असतं ते होतं. "ह्या पैशाला अट न्हाई म्हनला ना, बाई. मंग मला इचारू नका."

आणि ती गेली.

सत्यभामाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात नोटा तशाच होत्या. घरातला सगळा पैसा त्यांच्याच हातात असायचा, पण हे पैसे कुठं ठेवायचे ते त्यांना सुचत नव्हतं. शेडाच्या दारातून लिंबाखालचा रस्ता दिसत होता. तिथं कडब्याचा ट्रॅक्टर येऊन थांबला होता. कडूबाई ट्रॅक्टरवाल्याशी बोलत होती. आधी हळू, मग तिचा आवाज चढला.

"असली काळी पडल्याली पेंडी आन हा भाव? माजी मेंढरं आंधळी न्हाईत, बाबा. खालची दाव, खालची."

ट्रॅक्टरवाला काहीतरी पुटपुटला. ती चाकावर पाय देऊन वर चढली आणि स्वतःच्या हातानं पेंड्या उपसून खाली टाकू लागली, एक इकडं, एक तिकडं, पसंत पडेल ती आपल्या बाजूला.

तिनं शेडाकडं एकदाही बघितलं नाही. तिनं बघावं अशी बाईंची फार इच्छा होती, आणि ती बघणार नाही हेही त्यांना ठाऊक होतं.

"बाई, जरा बाजूला व्हता का," मागून कुणीतरी म्हणालं. "रांग हाय."

सत्यभामाबाई बाजूला झाल्या.